ताईची केमो चालू आहे, मदतीला माणसंही आहेत, मग अडतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या बहिणीला, वय ४६, डाव्या स्तनाचा कॅन्सर निघालाय. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन त्यात जास्त नाही), काखेतल्या एका गाठीतही पसरलेला. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन आणि पुढे गोळ्या असं ठरलंय. दर २१ दिवसांनी लाल औषधाच्या चार केमो आणि नंतर दर आठवड्याला एक अशा बारा. लालपैकी दोन झाल्या. नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिसमधले सगळे मदतीला तयार आहेत, व्हॉट्सॲप ग्रुपही झालाय. पण ताई फोन उचलत नाही, चिडते, 'मला एकटीला राहू द्या' म्हणते. दाजी गप्प गप्प असतात आणि आईचं रडणं थांबत नाही. आपण नक्की करायचं काय, असं धाकट्या बहिणीने विचारलंय.

मी कॅन्सर विभागात परिचारिका आहे आणि बरीच वर्षं फक्त ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतेय. तुमचं पत्र वाचून मला वाटतं ते असं की तुमच्याकडे मदत भरपूर आहे, पण ती भलत्याच दिवशी पोचतेय. निदान झालं त्या आठवड्यात घर भरलेलं असतं, ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसायला जागा नसते, आणि ज्या दिवशी बाईला खरंच माणूस हवं असतं त्या दिवशी घरात कुणी नसतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्या भेटीतच घरच्यांना कॅलेंडर काढायला सांगते.

आधी तिच्या चिडण्याबद्दल. केमोच्या दिवशी सलाईनमधून आणि बहुतेक ठिकाणी पुढचे दोन-तीन दिवस गोळ्यांमधून डेक्सामेथासोन देतात, उलट्या होऊ नयेत म्हणून. हे स्टेरॉइड आहे. त्याने माणूस रात्रभर टक्क जागा राहतो, चेहरा लाल होतो, डोकं भराभरा चालतं आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, केमो घेऊनसुद्धा किती टवटवीत दिसतेय! म्हणून याच दोन दिवसांत सगळे भेटून जातात, फोनही तेव्हाच येतात. मग गोळ्या संपतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं होतं. तिची सगळी चिडचिड या औषधामुळे आहे असं मी म्हणत नाही, चिडण्यासारखं तिच्या आयुष्यात सध्या पुष्कळ आहे. पण केमोनंतरचे पहिले दोन दिवस तिच्या बोलण्याचा काटा मनात ठेवू नका. झोप अजिबातच लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी सकाळी घ्यायची, डोस कमी करायचा, असे उपाय असतात.

तुमच्या दोन केमो झाल्यात, म्हणजे ताईचं वेळापत्रक तुम्हाला कळलेलंच आहे, फक्त कागदावर आलेलं नाही. वहीत २१ दिवस मांडा. कोणत्या दिवशी मळमळ, कोणत्या दिवशी तोंड आलं, कधी झोपून राहिली, कधी स्वतःहून फिरायला निघाली. चार लाल केमोंचं चक्र बऱ्यापैकी सारखं चालतं, थकवा मात्र दरवेळी थोडा चढत जातो. साधारणपणे पहिल्या आठवड्याचा मधला भाग अंथरुणातला. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली असतात, त्या दिवसांत गर्दी नको, सर्दी-खोकला झालेलं माणूस घरात नको, मग ते कितीही जवळचं असो. आणि तिसरा आठवडा सगळ्यांत बरा. मैत्रिणींनी यायचं ते तेव्हा. गप्पा, फिरणं, सिनेमा, जे तिला आवडतं ते. हा आठवडा 'ती बरी आहे ना, मग आपली कामं उरकू' म्हणून सगळे गायब होण्याचा असतो, ते टाळा.

तापाबद्दल मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, मुलांनासुद्धा. थर्मामीटरवर १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त दिसलं की हॉस्पिटलला फोन करून निघायचं. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन करायचा. कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य 'केमो चालू आहे आणि ताप आलाय' हेच हवं, कारण अशा पेशंटला तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, मुलांजवळ कोण थांबणार, फाइल कुठे आहे, हे आत्ता ठरवा. मदतीला तयार असलेल्या वीस माणसांपैकी दोघांनी फक्त एवढी रात्रीची जबाबदारी घेतली तरी ती उरलेल्या अठरांच्या मदतीइतकी मोलाची आहे.

आता तो व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात ताई आहे का? असेल तर तिला विचारून बाहेर काढा. वीस जणांचं 'कशी आहेस?' म्हणजे वीस उत्तरं द्यायची, आणि प्रत्येकाला आपण ठीक आहोत असं पटवून द्यायचं. हे काम आजारी माणसाचं नव्हे. एकच माणूस निरोप्या ठेवा. तो माणूस सगळ्यांत जवळचाच हवा असं नाही, नीट बोलणारा आणि 'नाही' म्हणू शकणारा हवा. आमच्याकडे एक बाई होत्या, त्यांच्या जावेशी त्यांचं फारसं कधीच पटलं नव्हतं. पण केमो सुरू झाल्यावर त्या जावेनेच फोन आपल्याकडे घेतला. प्रत्येक केमोनंतर पाचव्या दिवशी ती सगळ्यांना एक मेसेज टाकायची: केमो झाली, त्रास अमुक आहे, भेटायला तमुक तारखेनंतर या, उत्तराची अपेक्षा ठेवू नका. बस. त्या बाई मला म्हणाल्या होत्या की सगळ्या आजारपणात मला सगळ्यांत जास्त विश्रांती जावेने दिली, आणि ती माझ्याजवळ बसलीसुद्धा नाही. निरोप्याने काय सांगायचं आणि काय नाही, हे मात्र ताईला विचारून. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकणं मला अजिबात मान्य नाही.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य घरातून हद्दपार करा. ऐकायला ते प्रेमाचं वाटतं, पण काय लागतंय ते शोधायचं, कुणाला जमेल ते ओळखायचं आणि मग तोंड उघडून मागायचं, ही तिन्ही कामं तिच्यावरच पडतात. त्यापेक्षा 'बुधवारी मुलांना क्लासला मी नेणार आहे, चालेल?' असं विचारलं की तिला फक्त मान हलवायची असते. आणि ती 'नको' म्हणाली तर नकोच.

तुम्ही बहीण आहात, त्यामुळे तुम्हाला करता येतील अशी काही कामं इतरांना नाही जमणार. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याने दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही. त्याच्यासोबत दिलेलं सायक्लोफॉस्फामाइड आणि हेही औषध लघवी, उलटी यांतून बाहेर पडतं, म्हणून पहिले ४८ तास कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायचं आणि उलटी किंवा खराब झालेले कपडे हाताळताना हातमोजे घालायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या कामात पडू नये. जवळ बसायला, मिठी मारायला काहीच हरकत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण हातमोज्यांचं ऐकून लोक पेशंटलाच लांब ठेवतात. उलटीसाठी दिलेल्या ओंडान्सेट्रॉनने शौचाला फार घट्ट होतं. बायका हे दाजींना सांगत नाहीत, भावाला तर नाहीच, आणि चार दिवस कळ काढत बसतात. तुम्ही सरळ विचारा आणि डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या. तोंड येत असेल तर मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. आणि रोज थोडं चालणं. केमोच्या थकव्यावर नुसतं पडून राहण्यापेक्षा चालण्याचा उपयोग होतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण 'चल, डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणू नका, 'मला कंटाळा आलाय, जरा माझ्याबरोबर चल' म्हणा.

आठवड्याच्या केमो सुरू झाल्या की हे २१ दिवसांचं गणित मोडतं. त्यातल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने मळमळ लाल औषधापेक्षा कमी होते, केसही पुढे कधीतरी डोकावायला लागतात, त्यामुळे घरच्यांना हायसं वाटतं. पण बारा आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी, दर आठवड्याला सुई. सातव्या-आठव्या आठवड्यात पेशंटच्या आधी सोबतीची माणसं थकलेली मी पाहिलीत. तेव्हा बारा वारांवर आत्ताच नावं टाका, एका माणसाला सलग दोन आठवडे देऊ नका. या औषधाने हातापायांची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. ताईच्या बोटांकडे लक्ष ठेवा. ब्लाउजचा हुक लावायला वेळ लागतोय, कुर्त्याचं बटण दोनदा सुटतंय, कप हातातून निसटतोय, असं दिसलं तर ते वहीत लिहून डॉक्टरांना सांगा, कारण वेळीच डोस कमी केला किंवा थांबवला तर बधिरपणा कायमचा राहण्याचा धोका कमी होतो. पेशंट बहुतेकदा हे लपवतात, 'केमो थांबवली तर?' या भीतीने.

डॉक्टरांकडे जाताना वहीसकट एक माणूस बरोबर हवाच. केबिनमध्ये ऐकलेलं बरंचसं बाहेर येईपर्यंत विसरलं जातं, त्यात केमोने डोक्यावर धुकं आल्यासारखं होतं ते वेगळं. प्रश्न आधी लिहून न्या, तीनच न्या. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर उत्तम. फक्त एक पथ्य पाळा: डॉक्टर 'कशा आहात?' असं ताईला विचारतील तेव्हा उत्तर ताईने द्यायचं. सोबतची माणसं इतक्या प्रेमाने मध्ये बोलतात की पेशंट खुर्चीत बसून आपल्याबद्दलचं भाषण ऐकत राहते.

'पॉझिटिव्ह राहा' याचा मला खरं तर राग येतो, आणि त्याला कारण आहे. १९८९ साली स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला होता. पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ज्या बायका दर आठवड्याला आधारगटात येऊन मनातलं बोलल्या, त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या, असं त्यात दिसलं. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ मध्ये कॅनडातून २३५ बायकांचा मोठा अभ्यास आला, त्यात आयुष्य वाढलं नाही. पुढे २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही एकंदरीत ते दिसलं नाही. पण कॅनडाच्या अभ्यासात आधारगटातल्या बायकांचं मन जास्त स्थिर राहिलं आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या सुरुवातीला फार खचल्या होत्या त्यांना. आणि त्या गटांत हसरे चेहरे करून बसायचं नव्हतं, मरणाच्या भीतीबद्दलही उघड बोलायचं होतं. म्हणजे ताई रडली, घाबरली, निराश झाली म्हणून तिची गाठ वाढणार नाही. गाठीचं काम औषधं करतील. तिला तुमच्यासमोर वाईट दिसता आलं पाहिजे. ती म्हणाली, 'मी यातून वाचेन का?' तर 'असं बोलू नकोस' म्हणून तिचं तोंड बंद करू नका. 'तुला काय वाटतंय ते सांग' एवढं म्हणा आणि पुढची पाच मिनिटं गप्प बसा. फार अवघड असतं ते.

नातेवाइकांकडून येणाऱ्या उपायांचा बंदोबस्तही निरोप्याकडेच द्या. औषधी वनस्पतींच्या कॅप्सूल, अँटिऑक्सिडंटचे डबे, 'इम्युनिटी'च्या पावडरी, सगळं आधी डॉक्टरांना दाखवायचं. यातल्या काहींनी लिव्हरवर ताण येतो, काही केमोच्या औषधांच्या आड येतात.

आईचं. त्यांना रडू नका म्हणून उपयोग नाही, मुलीचं आजारपण आहे. पण त्या ताईसमोर रडल्या की ताई त्यांची समजूत घालत बसते, आणि मग 'एकटीला राहू द्या' म्हणते, ते साहजिकच आहे. आईसाठी वेगळं माणूस नेमा, त्यांची एखादी मैत्रीण, तुमची मावशी. रडायचं ते तिच्याजवळ. आणि आईंना हाताला काम द्या, कपड्यांच्या घड्या असोत की मुलांचा अभ्यास.

दाजी गप्प आहेत याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा लावू नका. ओपीडीत मी बघते, नवरे खिशातली पावती पुन्हा पुन्हा मोजतात, पार्किंगबद्दल बोलतात, बाकी काही नाही. बायकोसमोर घाबरलेलं दिसायचं नाही आणि दुसऱ्या कुणाशी बोलायची सवय नाही. सगळे त्यांना 'ताई कशी आहे?' विचारतात. एखाद्या मित्राने 'तू कसा आहेस?' विचारावं, तेही समोरासमोर बसवून नाही, चालता चालता किंवा गाडीत. आणि त्यांना ठोस काम सोपवा. ऑपरेशननंतर काखेत ड्रेनची, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेरच्या पिशवीत काढणारी, नळी घेऊन बरेच पेशंट घरी येतात. त्या पिशवीतलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून लिहायचं, नळी पिळून मोकळी ठेवायची, दिवसाला साधारण ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. हे काम करणारे नवरे मला बोलके झालेले दिसलेत. टाके पहिल्यांदा बघायची वेळ येईल तेव्हा त्यांनी तिथे असावं का, हे मात्र ताई ठरवेल. काहींना नवरा हवा असतो, काहींना आधी एकटीने बघायचं असतं, आणि दोन्ही ठीक.

'एकटीला राहू द्या' हे बहुतेक वेळा खरंच तेवढंच असतं, दार लावून झोपायचंय. ते पाळा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ तिला कशातच रस वाटत नसेल, स्टेरॉइडचे दिवस सोडूनही झोप नसेल, 'मी नसलेलीच बरी' असं काही तोंडून निघालं असेल, तर ते केमोचा त्रास म्हणून सोडून देऊ नका. शेवटच्या प्रकारचं बोलणं ऐकलंत तर त्याच दिवशी टीमला कळवा. आम्ही शून्य ते दहा अशी एक पट्टी देतो, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते त्यावर दाखवायचं. चार किंवा त्यापुढे गेलं की पुढची विचारपूस करतो. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: पुढे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी सुरू होणार असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना सांगायचं, कारण पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम घटू शकतो. दुसरी औषधं आहेत.

तुम्ही सगळे मिळूनही देऊ शकणार नाही अशी एक गोष्ट म्हणजे यातून गेलेल्या बाईचा सहवास. १९५२ साली अमेरिकेत टेरीज लॅसर यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर इतर बायकांना हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायला सुरुवात केली. हाताचे व्यायाम दाखवायच्या, कृत्रिम स्तन कसं वापरायचं ते सांगायच्या. 'रीच टू रिकव्हरी' म्हणून ते काम पुढे अनेक देशांत पोचलं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये परिचारिकेला किंवा समाजसेविकेला विचारा, बहुतेक ठिकाणी अशा बायकांचा गट असतो. निवडताना उपचार पूर्ण करून काही काळ झालेली, शक्यतो तशीच केमो घेतलेली आणि स्वतःची कहाणी सांगण्यापेक्षा ऐकणारी बाई बघा. ताई आत्ता नको म्हणेल. नंबर देऊन ठेवा, मागे लागू नका.

आता जे दिवस कुणाच्याच डोक्यात नसतात ते. रेडिएशन बऱ्याच ठिकाणी १५ सिटिंगचं, तीन आठवड्यांचं असतं. रोज दहा-पंधरा मिनिटांसाठी ये-जा, आणि थकवा व कातडीचा दाह शेवटाकडे वाढतो, संपल्यावरही आठवडाभर चढताच राहू शकतो. नेमकं तेव्हा सगळे म्हणतात, 'संपलं ना आता!' मग गोळ्या सुरू होतात, ५ ते १० वर्षं. अंगातून वाफा निघाल्यासारख्या होणं, रात्री घामाने उठणं, कुठल्या गोळ्या आहेत त्यावर सांधे धरणं. या त्रासाला कंटाळून बायका गुपचूप गोळी सोडतात, म्हणून वर्षभरानेही कुणीतरी 'गोळीने काय त्रास होतोय?' असं विचारणारं हवं. 'घेतेस ना?' असं दरडावून नको. काखेतल्या गाठी काढल्या तर हाताला सूज येण्याची शक्यता पुढे कित्येक वर्षं राहते. व्यायाम चालू ठेवायचे, आणि अंगठी किंवा बांगडी घट्ट वाटू लागली की लगेच दाखवायचं. दरवर्षीच्या मॅमोग्राफीच्या आधीचा आठवडा तिला जड जाईल. मदतीला तयार असलेल्यांपैकी पाच जणांना आज सांगून ठेवा, तुमचं काम आत्ता नाही, तुमची पाळी रेडिएशन संपल्यानंतर सहा महिने. खरे कोण ते तेव्हा कळेलच.

शेवटचं तुमच्या स्वतःबद्दल, कारण पत्रात त्याचा एक शब्द नाही. ताईचं निदान पन्नाशीच्या आत झालंय, त्यामुळे तिच्या बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतल्या दोषाने हा कॅन्सर घराण्यात उतरू शकतो) तपासणीबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. तपासणी आधी तिची करायची, तुमची नाही. तिच्यात दोष सापडला तर तुमची आणि भावाचीही तपासणी करता येते, कारण हा दोष वडिलांकडून मुलीकडेही जातो. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर असे आनुवंशिक नसतात, पाच ते दहा टक्केच असतात, म्हणून घाबरून जाऊ नका. पण दोष निघाला नाही तरी सख्ख्या बहिणीने तपासण्या बहिणीच्या निदानाच्या वयाच्या साधारण दहा वर्षं आधी सुरू कराव्यात असं सांगितलं जातं. तुमचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर ताईच्या पुढच्या केमोला याल तेव्हाच ओपीडीत स्वतःचं नाव नोंदवून टाका.